बातमीचे नेपथ्य

चाकणच्या एमआयडीसीत 'नवे मॉडेल' हे दोन शब्द सर्वांच्या तोंडी असतात. परंतु त्यांचा नेमका अर्थ तेथील कामगारास जितका ठाऊक असतो, तितका गाडी विकत घेणाऱ्यास ठाऊक असतोच असे नाही. मोटारीचे छप्पर, दारे व सांगाडा ज्या साच्यांत पत्रा दाबून घडवतात, ते साचे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'डाय', अतिशय खर्चाचे असतात. म्हणून पुष्कळदा कारखानदार त्यांना हात न लावता पुढचे ग्रिल, बंपर, दिवे आणि आतील आसनांचे कापड तेवढे बदलतो. ह्या प्रकारास 'फेसलिफ्ट' असे नाव आहे. त्यात लबाडी नसते. जुन्या गाडीतील काही उणिवा त्या निमित्ताने दूर होतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस बरे वाटते, आणि खपही वाढतो. मात्र इंजिन पूर्वीचेच आहे हे कामगार जाणतो, आणि शेजाऱ्याने विचारले तर तसे सांगतोही.

दूरचित्रवाणीवरील वृत्तवाहिन्याही वरचेवर असाच नवा साज चढवीत असतात. एके सकाळी पाहावे तो नित्याच्या वाहिनीचे बोधचिन्ह बदललेले असते. निवेदकाच्या पाठीमागची भिंत झगझगू लागलेली असते, अक्षरांचे वळण निराळे झालेले असते, आणि बातम्यांच्या आरंभीचे संगीतही अनोळखी वाटते. 'आता नव्या रूपात' अशी ग्वाही दिवसभर दिली जाते. अशा वेळी कामगाराच्या शेजाऱ्याने विचारलेला प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक घरात विचारण्याजोगा आहे : बदलले ते ग्रिल की इंजिन? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळवावयाचे तर हे नेपथ्य कशाचे बनलेले असते, ते का बदलावे लागते आणि बातमीशी त्याचा संबंध किती, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

बातमीला मुळात चेहराच नव्हता. नभोवाणीच्या काळात ती केवळ आवाजाने घरात येई. पुण्यात आकाशवाणीचे केंद्र १९५३ साली सुरू झाले, आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर कित्येक घरांची घड्याळे लावली गेली. बातमी सांगणाऱ्याचा सदरा कोणत्या रंगाचा आहे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे. इंग्लंडात बीबीसीने १९५४ साली दूरचित्रवाणीवर बातम्या सुरू केल्या, तेव्हाही प्रारंभी निवेदकाचे तोंड दाखविले नाही. चित्रे व नकाशे दिसत, आणि त्यांमागून आवाज येई. निवेदकाच्या भुवईची हालचाल किंवा ओठांवरचे स्मित ह्यांमुळे बातमीला रंग चढेल, अशी तेथील संपादकांना धास्ती वाटे. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९५५ च्या सप्टेंबरात, केनेथ केंडॉल हे निवेदक प्रेक्षकांना प्रथम दिसले. आज ती धास्ती कोणास हास्यास्पद वाटेल; परंतु दिसण्याचा ऐकण्यावर परिणाम होतो, हे तत्त्व त्या जुन्या संपादकांनी अचूक ओळखले होते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढील वर्षी सिंहगडावरील क्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. तेव्हाचे बातम्यांचे नेपथ्य म्हणजे एक मेज, मागे एक साधा पडदा आणि निवेदकाच्या हातांतील कागद. स्मिता पाटील चित्रपटांत येण्यापूर्वी ह्याच केंद्रावर बातम्या देत असत. त्या जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसत, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मेजाच्या वर जे दिसते तेवढीच दूरचित्रवाणीची सृष्टी, हे त्या गोष्टीवरून सहज ध्यानात यावे. प्रदीप भिडे ह्यांच्या आवाजावर तर महाराष्ट्रातील एका पिढीचे कान घडले. त्या काळी वाहिनी एकच असल्यामुळे तिला स्वतःची ओळख ठसविण्याची निकड नव्हती. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशीष भट्टाचार्य ह्या विद्यार्थ्याने रेखाटलेले डोळ्याच्या आकाराचे चिन्ह घरोघरी परिचित झाले. ते चिन्ह दाराशी असलेल्या पाटीसारखे होते. गावात दुकान एकच असेल तर पाटी रंगविण्यात कोणी फार पैसा घालीत नाही.

दुकाने वाढली आणि पाट्यांचे दिवस आले. उपग्रहाच्या मार्गाने खाजगी वाहिन्या येऊ लागल्या, आणि २००७ साली झी २४ तास व स्टार माझा, तर २००८ साली आयबीएन लोकमत ह्या अहोरात्र चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. त्यानंतर आणखीही कित्येक आल्या. आता बातमी ऐकणाऱ्याच्या हातांत रिमोट होता, आणि एका वाहिनीवरून दुसरीवर जाण्यास क्षणही लागत नव्हता. वृत्तवाहिन्यांचे उत्पन्न बव्हंशी जाहिरातींवर चालते, आणि जाहिरातीचा दर किती माणसे पाहतात ह्यावर ठरतो. ही गणना निवडक घरांत बसविलेल्या मापकांवरून बार्क नावाची संस्था करते. ह्या आकड्यांवर इतके काही अवलंबून असते की २०२० च्या ऑक्टोबरात त्यांत फेरफार झाल्याचे आरोप झाले, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्ध करणेच थांबवावे लागले. ते २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाले. बोट रिमोटवरून पुढे सरकण्यापूर्वी जे दोन-तीन क्षण मिळतात, त्यांतच प्रेक्षकास थांबवावयाचे असते. एवढ्या अवधीत बातमीचे सत्य कळणे अशक्य. रंग, आकृती आणि नाद तेवढे कळतात. नेपथ्यावर होणाऱ्या खर्चाचे मूळ कारण हे आहे.

आता ह्या नेपथ्याची घडण पाहू. पहिले अंग प्रकाशाचे. निवेदकाच्या मुखावर समोरून थोडा बाजूस एक प्रखर दिवा असतो. त्याने पडलेल्या सावल्या पुसण्यासाठी दुसऱ्या बाजूस एक सौम्य दिवा. आणि पाठीमागून खांद्यांवर व केसांवर पडणारा तिसरा. हा तिसरा दिवा काढून टाकला तर माणूस मागच्या भिंतीस चिकटल्यासारखा दिसतो. दुसरे अंग वाचनपटाचे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एक काच तिरकी बसविलेली असते, आणि खालच्या पडद्यावरील मजकूर तिच्यात प्रतिबिंबित होतो. निवेदकास अक्षरे दिसतात, कॅमेऱ्यास दिसत नाहीत. त्यामुळे तो घरातल्या माणसांच्या डोळ्यांत पाहून बोलत आहे असा भास होतो, व बातमी त्यास मुखोद्गत आहे असे वाटते. वास्तविक तो वाचीतच असतो. जुन्या निवेदकाच्या हातांतील कागद हे निदान उघडपणे सांगत असे.

तिसरे अंग मागच्या भिंतीचे, आणि आजची सर्वांत मोठी चुरस तिच्यावरच आहे. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात निवेदकाच्या मागे नुसता हिरवा पडदा असतो. यंत्र चित्रातील तेवढा हिरवा रंग वेचून काढते, आणि त्या जागी विधानभवन, पूर किंवा आकाश जे हवे ते बसविते. माणसाच्या त्वचेत हिरव्या रंगाचा अंश अल्प असल्यामुळे तोच निवडला गेला. तशाच हिरव्या रंगाची साडी नेसून निवेदिका बसली तर तिचे मस्तक व हात तेवढे अधांतरी दिसतील, म्हणून तो रंग तेथे वर्ज्य. दुसऱ्या प्रकारात खरोखरच प्रचंड पडदा उभारलेला असतो. तो शेकडो लहान चौकोनी तुकड्यांचा बनतो, व प्रत्येक तुकड्यावर सूक्ष्म एलईडी दिवे ओळीने बसविलेले असतात. दिव्यांतील अंतर जितके कमी तितके चित्र सुबक आणि तितकाच खर्च अधिक. अंतर जास्त असेल आणि कॅमेरा जवळ गेला, तर पडद्यावर विचित्र लाटा उमटतात. ह्यापुढची पायरी म्हणजे जेथे काहीच नाही तेथे वस्तू दिसणे. निवेदक रिकाम्या जमिनीवर उभा असतो, आणि घरातल्या प्रेक्षकास त्याच्याजवळ हेलिकॉप्टर उतरताना दिसते. कॅमेरा कोठे वळला हे संगणकास क्षणोक्षणी कळविले जाते, आणि संगणक त्या बेताने हेलिकॉप्टरही वळवितो. मुलांच्या संगणकीय खेळांसाठी निर्माण झालेली साधनेच ह्या कामी वापरली जातात.

चौथे अंग अक्षरांचे. चित्राच्या खालच्या भागात मथळा असतो, त्याखाली सरकती पट्टी असते. ही पट्टी पूर्वी प्रसंगविशेषी येई. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे हल्ले झाले, त्या दिवशी अमेरिकन वृत्तवाहिन्यांनी ती सुरू केली, कारण सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि पडदा एकच होता. संकट ओसरले, पट्टी मात्र राहिली, आणि पुढे जगभर पसरली. तीच गत लाल रंगाची. लाल रंग धोक्याचा, म्हणून अत्यंत तातडीच्या बातमीसाठी तो योजला गेला. परंतु 'ब्रेकिंग न्यूज' ही लाल पाटी सकाळपासून रात्रीपर्यंत उतरेनाशी झाली, तर तिचा उपयोग संपतो. कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना वाजतो म्हणून त्यास अर्थ आहे. तो अखंड वाजू लागला तर लोक खिडक्या लावून घेतील.

नेपथ्य बदलते तेव्हा नेहमी एकाच कारणाने बदलत नाही. कधी मालकी बदलते. स्टार माझा ही वाहिनी १ जून २०१२ रोजी एबीपी माझा झाली. स्टार हे नाव वापरण्याचा करार संपला, म्हणून नाव, चिन्ह व रंग बदलावे लागले. 'माझा' हा शब्द मात्र जाणूनबुजून राखला, कारण प्रेक्षकांचा लोभ त्यावर जडला होता. आयबीएन लोकमतचेही पुढे न्यूज१८ लोकमत झाले, आणि तेथेही 'लोकमत' राहिले. कधी यंत्रे जुनी होतात. चौकोनी पडद्याचे दिवस जाऊन रुंद पडदा आला, आणि चित्र अधिक रेखीव झाले, तेव्हा जुन्या मेजावरचे ओरखडे व भिंतीचे पोपडे प्रेक्षकांना दिसू लागले. ते बदलणे भागच होते. आणि कधी बदलाचा अर्थ बदलणाऱ्याच्या हाती राहत नाही. डीडी न्यूज ह्या सरकारी वाहिनीने १६ एप्रिल २०२४ रोजी आपले तांबडे बोधचिन्ह भगवट नारिंगी केले. आपली मूल्ये पूर्वीचीच असून रूप तेवढे नवे आहे, असा त्या वाहिनीच्या निवेदनाचा आशय होता. प्रसार भारतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी गौरव द्विवेदी ह्यांनी रंगाची निवड केवळ आकर्षकतेसाठी असल्याचे सांगितले, आणि प्रकाशयोजना व यंत्रसामग्रीही सुधारल्याकडे लक्ष वेधले. त्याच संस्थेचे पूर्वीचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार ह्यांनी मात्र त्या रंगावर कठोर टीका केली. लोकसभेची निवडणूक चालू होती, आणि रंगास त्या हवेत राजकीय अर्थ चिकटला. नेपथ्य हे निव्वळ शोभेचे असते, असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. बातमी सुरू होण्यापूर्वीच नेपथ्य काही तरी बोलून गेलेले असते.

नव्या नेपथ्याचा खरा उपयोगही आहे, तो नाकारणे अन्यायाचे होईल. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांची मतमोजणी झाली. इतक्या मतदारसंघांचे क्षणाक्षणास पालटणारे आकडे एकट्या आवाजाने सांगणे अशक्य होते. भिंतीएवढ्या नकाशावर ते सहज उमगतात. कोल्हापूर-सांगलीत २०१९ साली महापूर आला, तेव्हा कोणत्या धरणाचे पाणी कोणत्या नदीने कोठे उतरते हे नकाशावाचून समजणे कठीण होते. मोठी, ठसठशीत अक्षरे वृद्धांना उपकारक ठरतात. शाळेतल्या वहीस नवे कव्हर घातल्याने आतली गणिते बरोबर येत नाहीत हे खरे. पण म्हणून कव्हर फाटकेच असावे असा काही नियम नाही.

प्रश्न उरतो तो प्रमाणाचा. वृत्तसंस्थेची तिजोरी एकच असते, आणि तिच्यातून भिंतीस पैसा द्यावयाचा तसा बातमीदारासही द्यावयाचा असतो. भिंत एकदा उभारली की दिसते. बातमीदाराची पायपीट पडद्यावर दिसत नाही. शिवाय मोठ्या भिंतीची एक स्वतंत्र भूक असते. तिच्यापुढे चार-सहा माणसे बसवून वाद घडविणे स्वस्त पडते, आणि त्यातून तासचा तास भरतो. तळेगावला किंवा चाकणला माणूस पाठवून आठ दिवस ठेवणे महाग पडते, आणि त्यातून कदाचित तीन मिनिटांचाच मजकूर निघतो. उंटावरून शेळ्या हाकण्याचा मोह ह्या हिशेबातून उत्पन्न होतो.

ह्या पट्ट्यातील दोन घटनांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनास चाकणला हिंसक वळण लागले. वाहने जाळली गेली, आणि जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अशा दिवशी पहिल्या पाळीच्या कामगाराच्या घरी बसलेल्या मंडळींस एकच गोष्ट हवी असते : नाशिक रस्ता कोठवर खुला आहे, आणि घरचा माणूस कोणत्या वाटेने परत येईल. पेटलेल्या बसचे एकच दृश्य भिंतीवर पुनःपुन्हा दाखविले, आणि ते कोणत्या वेळचे आहे हे सांगितले नाही, तर दुपारी दोनची आग रात्री नऊ वाजताही जळताना दिसते. भिंत जितकी मोठी तितकी ती आगही मोठी. घरात बसलेल्या आईस त्या मोठेपणाचा उपयोग नसतो. तिला दृश्याच्या कोपऱ्यात वेळ लिहिलेली हवी असते.

दुसरी घटना आगीची नव्हे, तर संथपणे घडलेली आहे, आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा मोटार कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबविले, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादनही बंद झाले. हजाराहून अधिक कामगारांच्या नोकरीचा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांचा लढा न्यायालयापर्यंत गेला. मध्यंतरी ग्रेट वॉल ह्या चिनी कंपनीस कारखाना विकण्याचा करार झाला. सरकारी परवानगी न मिळाल्याने तो २०२२ साली मोडला. पुढे २०२३ च्या ऑगस्टात ह्युंदाई कंपनीने कारखाना घेण्याचा करार केला, आणि २०२४ च्या जानेवारीत तो व्यवहार पुरा झाला. ह्या साऱ्या काळात भिंतीवर झळकविण्यासारखे दृश्य म्हणजे एक बंद फाटक एवढेच होते. परंतु आकुर्डी, देहूरोड, सोमाटणे, वडगाव येथील किती तरी घरांचे कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी त्या फाटकात अडकली होती. अशी बातमी सांगावयास करार वाचणारा, न्यायालयात बसून टिपण घेणारा, आणि तीन वर्षांनंतरही त्याच कामगारांकडे परत जाणारा माणूस लागतो. त्याचे काम रंगीत भिंतीवाचून होऊ शकते. त्याच्यावाचून मात्र भिंतीस सांगण्यासारखे काही उरत नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात ह्याचा दाखला आहे. गंधर्व नाटक मंडळीच्या नेपथ्याचा थाट सर्वश्रुत होता, आणि त्या थाटाबरोबर वाढलेले कर्जही तितकेच सर्वश्रुत आहे. ते पडदे, त्या बैठका आज कोठे आहेत हे कोणी विचारीत नाही. बालगंधर्वांची पदे मात्र लोक अद्याप ऐकतात. नेपथ्य गायकास शोभा देते. गायकाची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा एखादी वाहिनी नव्या रूपात प्रकटली की सुबुद्ध कुटुंबाने काय करावे? सोपी कसोटी अशी की, बातम्या लागल्या म्हणजे काही वेळ पडद्याकडे पाठ करून बसावे आणि नुसते ऐकावे. चित्र गेले तरी बातमी उभी राहते काय, हे पाहावे. नंतर पाच गोष्टी मोजाव्यात : घटना कोठे घडली, केव्हा घडली, ती कोणी पाहिली, ज्यांच्यावर आरोप झाला त्यांचे म्हणणे घेतले काय, आणि काल जी बातमी दिली तिचे पुढे काय झाले. पाचांपैकी चार उत्तरे मिळाली, तर वाहिनीने ग्रिलबरोबर इंजिनही सांभाळले आहे असे खुशाल समजावे. एकही मिळाले नाही, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार आहे. मग ती वाहिनी खाजगी असो वा सरकारी.

ह्या पाचांत शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो विचारण्याची सवय सुटत चालली आहे. ती मुलांस लावणे मुळीच अवघड नाही. रात्रीच्या बातम्या संपल्या की दूरचित्रवाणी बंद करावी, आणि जेवणाच्या पाटावर बसता बसता मुलास विचारावे, की तळेगावच्या त्या कामगारांचे पुढे काय झाले. त्याला सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून ते शोधून काढावे.